मोठ्याबाईचे लांब टाके

मोठ्याबाई, तुमचा एक टाका मी तोडला.

पह्यले हेच सांगून टाकते, नाई तं बाकीचं बोलताच येनार नाई. ब्लेडनं तोडला. तुमाले जाऊन नऊ दिवस झाले होते, दुपार होती, मानसं दहाव्याच्या सामानाले बाजारात गेल्ते, अन् चिमी तुमच्या गोधडीवर पडून पाय झाडून राहिली होती. मी मोरीत भांडे घासत होती. ती रडली तं मले वाटलं भुकेनं रडते. हात पुसत पुसत आली, तिले उचलली, तं गोधडी बी तिच्यासंग वर आली. मले काही समजेच ना. मंग दिसलं. उजव्या पायाचं करंगळीजवळचं बोट तुमच्या एका टाक्यात गेलं होतं, अन् पाय झाडून झाडून दोऱ्याले पीळ पडला होता, अन् बोट काळंनिळं. एवढंसं बोट, मोठ्याबाई, चन्याच्या डाळीयेवढं. मी दोरा सोडवाले गेली तं आनखीनच आवळला. तुमच्या डब्यात उसवाची ब्लेड होती, तीच घेतली, मले वाटलं दोऱ्याच्या जागी बोटच कापीन. पन तुटला. कट्ट करून आवाज आला. चिमी अजून जोरात रडली, मंग हुंदके देत देत गप झाली, बोट लाल झालं, मंग जसं होतं तसं झालं.

तेव्हा मी हातातल्या दोऱ्याचे दोन टोकं पाह्यले अन् मंग मी रडली.

तेवढ्यातच काशीआत्या आल्या. तुमाले तं माहीतच आहे, भासऱ्यायची, म्हंजे तुमच्या मालकायची आत्या गल्लीच्या त्या टोकाले राहते पन तिचे कान आपल्या घरात राहते. तुमी गेल्यापासून रोज येऊन बसते. पोरीचा पाय पाह्यला, गोधडी पाह्यली, अन् म्हनते, "मी म्हनलं होतं का नाई? जिची कूस उजवली नाई तिचा हात लेकराच्या गोधडीले लागू देऊ नोका म्हनून. पाह्य आता. गेली तरी हात सोडून नाई राहिली."

अन् खरं सांगू का, तुमाले नाई सांगीन तं कोनाले सांगीन, एक घडीभर मले तिचं खरं वाटलं. ज्या बाईनं मले पोटच्या पोरीसारखं सांभाळलं तिच्या हाताचं मले भेव वाटलं. मी गोधडीची घडी केली, फळीवर सर्वात वर फेकली, अन् चिमीले सतरंजीवर घेऊन बसली. दोन दिवस त्या फळीकडे पाह्यलं बी नाई.

हेच मले सलत आहे. टाका तोडल्याचं नाई. ते भेव.

तुमाले माहीत आहे मी कशी आहे. लग्न होऊन तिगाववरून सौंसरले आली तेव्हा मी उतरलेल्या गाडीच्या शिटीले बी भेत होती. पह्यलं पोट पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हापासून तं विचारूच नोका. दुसऱ्यांदा राह्यलं तं मी पायऱ्याले भेली, कुत्र्याले भेली, वांग्याले भेली, कोनी जोरात दार लोटलं तरी पोटावर हात जाये. जामसांवलीच्या मारुतीले तुमी मले घेऊन गेल्या त्या शनवारी बसमंधी तुमी ड्रायव्हरले काय म्हनलं आठवते का? "धीरे चालव बापा, दोन जिवाची आहे." तो म्हने, "कोन, तुमी का?" अख्खी बस हासली. मले वाटलं आता तुमी याच्या आंगावर जाता. अन् तुमीच सर्वात जोरात हासल्या. म्हनल्या, "मी तं चार जिवाची आहे रे, शुगर, बीपी, गुडघा अन् मी." पन त्यानं गाडी धीरे चालवली बरं, देवळापर्यंत.

घरी आल्यावर तुमी पेटी उघडली, जुने लुगडे काढले, अन् म्हनल्या, "चाल, गोधडीले बसू. तुले काही काम पायजे, नाई तं तू भेऊन भेऊनच दिवस काढशीन."

आपल्या गल्लीत पाच-सात वर्षाचे जेवढे लेकरं आहेत तेवढ्यायच्या आंगाखाली तुमची गोधडी आहे. पन त्यातल्या एकीले बी पह्यला टाका तुमचा नाई. लेकुरवाळी बाई येऊन पह्यला टाका घाले, मंग तुमी सुई हाती घ्या. मी नवी होती, म्हनून विचारलं, "काहून बाई?"

"नियम आहे."

"कोनाचा?"

"तुह्या काशीआत्याचा," तुमी म्हनल्या, अन् दोरा दातानं तोडला. चेहऱ्यावर काही नव्हतं. तव्यावरची पोळी पलटावी तसं तुमी बोलल्या. मले पुढे विचारता आलं नाई. विचारायले पायजे होतं.

माह्या गोधडीले पह्यला टाका घालाले तुमी कमलकाकूले बोलावलं, कारन तिले पाच लेकरं. पाच लेकरं आहेत पन तिले सुई धरता येत नाई, हे तुमी बी विसरल्या अन् मी बी. खाली जाडंभरडं चवाळ टाकलं, त्यावर तुमच्या सासूच्या लुगड्याचे तीन पदर, त्यावर रंगीत तुकडे लावले, चारी कोपऱ्यावर वरवंटा, पाटा, डबा असं काहीबाही ठेवलं. कमलकाकू मोठ्या थाटात बसली. नाकावर चष्मा. एक टाका घालाले तिले पाव घंटा लागला. मंग म्हनते, "झालं, आता चहा ठेवा," अन् उठली, तं गोधडी तिच्या मागं मागं. वरवंटा गडगडत दारापर्यंत गेला. तिनं आपला पदरच गोधडीत शिवून टाकला होता.

"अवो थांब वो, थांब! नवरी चालली गाठ बांधून!" तुमी म्हनल्या.

मी हासून हासून पोट धरलं, अन् मंग भेली का पोटाले काही होईन, तं तुमी म्हनल्या, "हास, हास, लेकरू आतून पाहून राहिलं असन कायची मजा चालू आहे." मी म्हनलं उसवून टाकू, दुसरा घालू. तुमी नाई म्हनल्या. दुसऱ्याच्या हातचा वाकडा टाका दिसला का तुमचे बोटं शिवशिवे, पन तो टाका उसवाले तुमी हात लावला नाई. लेकुरवाळीचा पह्यला टाका तोडत नसते म्हने. मंग कैची आनली अन् कमलकाकूच्या पदराचाच कोपरा कापला. ती बोंबलत राहिली, "नवं लुगडं आहे वो, दिवाळीचं!" तिचा तो मोरपंखी कोपरा अजून गोधडीच्या कोन्यावर लटकून आहे.

मंग आपन रोज दुपारी बसत होतो. तुमी मले शिकवलं का काठापासून सुरू करायचं, गोल गोल फिरत आत आत जायचं, मधात येऊन थांबायचं. एक ओळ तुमी माह्याकडून चारदा उसवून घेतली. "टाका कसा पायजे? तांदळाच्या दान्यायेवढा. हा काय आहे? हे तं गव्हाचं पोतं आहे." मी रडकुंडीले आली तं म्हनल्या, "शीतल, भेव वाटलं का सुई हाती घेत जा. सुई हाती असली का मानसाले पळता येत नाई, बसाच लागते." अन् खरंच, त्या दोन-अडीच महिन्यात दुपारचा तेवढा टाइम मले भेव वाटत नव्हतं. मोजत होती, एक टाका, एक श्वास. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, एवढं चांगलं कसं काय झालं तुमचं बीपी? मी म्हनलं, गोधडी शिवून राहिली. तिले वाटलं मी मस्करी करते.

तरी माह्याकडून चूक झालीच. हत्तीचे चित्र असलेला तो निळा तुकडा मी उलटा लावला. पूर्न शिवून झाल्यावर दिसलं का चारही हत्ती पाय वर करून पडले आहेत. तुमी पाह्यलं, मले वाटलं आता उसवा लागते. तुमी डोकं तिरपं करून लय वेळ पाह्यत राह्यल्या अन् म्हनल्या, "राहू दे. झोपलेले आहेत. लेकराची गोधडी आहे, हत्ती बी झोपतीनच."

तेव्हा मले वाटलं होतं तुमी थकल्या म्हनून सोडून देल्लं. आता वाटते तुमाले चांगलं माहीत होतं कोनती चूक सोडायची अन् कोनती नाई.

कारन मधातल्या सहा ओळी आल्या तेव्हा तुमी सोडायले तयार नव्हत्या.

शुगरनं तुमच्या बोटायचं समजनं सारं गेलं होतं. सुई बोटात रुते अन् तुमाले कळे नाई, कापडावर लाल ठिपका दिसला का मंग बोट पाहा. दोरा मी ओवून देत होती. काठाकाठानं तुमचे टाके तांदळाच्या दान्यासारखे, अन् मधात आल्यावर बोटाच्या पेराएवढे लांब, अन् ढिल्ले. तुमाले दिसत होतं. मले बी दिसत होतं. ज्या दिवशी गोधडी झाली त्या दिवशी तुमी तळहात तिच्यावरून फिरवला अन् म्हनल्या, "शीतल, ह्या सहा ओळी उसव अन् तुह्या हातानं घाल."

"मी नाई उसवत."

"काहून?"

"तुमी एवढ्या कष्टानं घातले. राहू द्या ना बाई. कोन पाहते?"

"कोन पाह्यलं नाई पाह्यलं त्याचं काय करायचं? लेकराचं बोट अडकन त्यात."

अन् मी काय म्हनलं? मी हासली. म्हनलं, "इतकं लहान बोट कोनाचं असते?"

आठ महिन्याचं पोट होतं माहं, अन् लेकराचं बोट केवढं असते हे मले माहीत नव्हतं. ह्या गल्लीतले पंधरा-वीस लेकरं तुमी तेल लावून, न्हाऊ घालून मोठे केले, दुसऱ्यायचे. तुमाले माहीत होतं. आपन दोन-तीनदा भांडलो त्याच्यावरून. तुमी म्हना उसव, मी म्हनू नाई. मले वाटे मी तुमचा मान ठेवून राहिली. तुमी एकदा चिडून सुई घेऊन स्वतःच बसल्या उसवाले, तं सुई तिसऱ्या टाक्यापाशीच हातातून पडली, तुमाले दिसली नाई, मी उचलून डब्यात ठेवली. मंग चिमी झाली अन् ते भांडन तसंच राहून गेलं.

बारश्याचं बी बोलते. ते नाई बोलली तं हे सर्व खोटं होईन. पाळन्यात पह्यले तुमची गोधडी टाकायची असं माहं ठरलं होतं. काशीआत्यानं सर्वायसमोर म्हनलं, "ते राहू दे आज, नवं काही टाका, चांगल्या दिवशी कायले." तुमी स्वतःच पुढे आल्या, गोधडी उचलली, घडी केली, म्हनल्या, "हाव, बरोबर आहे, मंग टाकजो." अन् मागं भिंतीपाशी जाऊन उभ्या राह्यल्या. नाव ठेवाले बाया पुढे झाल्या, आत्या झाली, मामी झाली, माही माय झाली. तुमाले कोनी बोलावलं नाई. मी बोलावू शकत होती. लेकरू माहं होतं. मी खाली मान घालून बसली, भेली का काही अपशकुन म्हनतीन. तुमी त्याच्यावरून मले कधी एक शब्द बोलल्या नाई. दुसऱ्या दिवशी आल्या, चिमीले मांडीवर घेतलं, अन् न्हानीत पानी पाहाले हाताच्या बोटायनं नाई, कोपर बुडवून पाह्यलं. म्हनल्या, "बोटाले गरम-थंड काही समजत नाई, पन कोपर माहं अजून इमानदार आहे." साडेचार महिने रोज कोपर बुडवलं तुमी. पोरीले एकदा बी चटका नाई लागला.

मले सांगा, हा हात अपशकुनी कसा?

हे मले तिसऱ्या दिवशी आठवलं, चिमीले सतरंजीवर ठेवून तिच्या न्हान्याचं पानी काढत होती तेव्हा. माहंच कोपर बादलीत होतं. आपोआप गेलं होतं. मी तशीच उठली, स्टुलावर चढली अन् गोधडी खाली काढली.

आता करायचं काय, हा प्रश्न होता. आमचे हे म्हने, "ठेवून दे पेटीत आठवन म्हनून, बाजारातून कंबल आनतो, मऊ मऊ येते." पन पेटीत ठेवली असती तं काशीआत्याचं खरं झालं असतं. गल्लीभर झालं असतं का शीतलनं मोठीच्या हातची गोधडी बाजूले काढली. उसवल्या असत्या सहा ओळी तं तुमचं म्हननं राह्यलं असतं, पन तुमचे शेवटचे टाके गेले असते, अन् लोकं तेच म्हनले असते, पाहा, हात काढून टाकला तिचा. अन् काहीच नाई केलं असतं तं चिमीचं बोट.

भासऱ्यायले विचारावं वाटलं. पन तुमाले माहीत आहे, मी त्यायच्यासमोर डोक्यावर पदर घेते, आमचं बोलनं नाई. म्हनून मी चिमीले घेऊन ओसरीत गेली अन् चिमीलेच म्हनलं, "चिमी, मोठ्या बाबाले विचार बरं, मोठ्याआईचे टाके उसवू का ठेवू?"

मोठीआई. हे नाव मी तुमच्यासमोर कधी घेतलं नाई. तोंडाशी येऊन मांगं जाये. त्या दिवशी निंघून गेलं तोंडातून.

भासरे कापसाच्या बिया निवडत होते. हातातली बी खाली ठेवली. मंग चिमीलेच म्हनले, "चिमाबाई, तुह्या मोठ्याआईले चूक खपत नव्हती. माह्या सदऱ्याचं बटन वाकडं असलं तं मले देवळात जाऊ देत नव्हती."

"मंग उसवू म्हना?"

"पन तिच्या हातचं आता एवढंच आहे घरात, चिमाबाई." त्यायनं हात पुसले, गोधडी मांडीवर घेतली, मधातल्या ओळीवरून हात फिरवला. मले वाटलं रडतीन. रडले नाई. म्हनले, "तुह्या मायले सांग, तुले जे समजन ते कर. मी कोनाले काही बोलू देनार नाई."

मंग मी पूर्न गोधडी जमिनीवर पसरवली अन् तुमी पाहत होत्या तशी पाह्यली. कमलकाकूचा पदर. लोंबते, पन कोनाले टोचत नाई. राहू दे. माहे उलटे हत्ती. झोपलेले आहेत. राहू दे. मधातल्या सहा ओळी. मी माहं बोट घालून पाह्यलं, जाये. चिमीचं घातलं, दोन जाये. तेव्हा मले दिसलं. टाका लांब आहे, त्याच्यावरून मधात एक लहान टाका घातला, लांब टाक्याले खाली दाबून, तं लांब लांब राहत नाई. तुमचा बी राहते अन् बोट बी जात नाई.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी बाहेर ओट्यावर बसली. मुद्दाम. घरात बसली असती तं लपून करते म्हनले असते. भेव वाटत होतं का? हाव, वाटत होतं, हात ओले झाले होते. पन सुई हाती होती. तुमचा टाका, त्याच्यावर माहा एक. तुमचा टाका, माहा एक. तुमच्या दोऱ्याचा रंग पिवळा, माह्यापाशी पांढराच होता, म्हनून दिसते. दिसू दे.

कमलकाकू आली, म्हनली, "काय वो, माहा पदर परत कराले बसली का?" मी म्हनलं, "नाई, तुमचा पदर आता चिमीच्या नावानं." ती बसली बाजूले, सुई मागितली, मी देल्ली नाई. म्हनलं, "काकू, तुमी फक्त बोला." तिले राग नाई आला.

मंग काशीआत्या आल्या. उभ्या राह्यल्या. काठी टेकवली. "उसवून राहिली का? चांगलं करून राहिली पोट्टे."

"उसवून नाई राहिली आत्या. दाबून राहिली. मोठ्याबाईनं सांगतलं होतं मले का टाके लांब झाले, लेकराचं बोट अडकन. मी ऐकलं नाई तेव्हा. आता ऐकून राहिली."

"तिनं सांगतलं होतं?"

"तीनदा."

काशीआत्या खाली बसल्या. वाकून, आपलं ते वाकडं बोट घेऊन एका ओळीवर घातलं, मंग दुसऱ्या. जिथं माहे टाके झाले होते तिथं अडकलं नाई, जिथं नव्हते झाले तिथं अडकलं. तिनं ओढून पाह्यलं. मंग म्हनते, "बरं झालं. आता लेकुरवाळीचा हात लागला, आता हाय तसं चालते."

मोठ्याबाई, मी तिच्यावर ओरडली नाई. म्हातारी आहे, तिचं तिचं आहे. पन मी म्हनलं, अन् माहा आवाज नाई थरथरला, "आत्या, हात तं त्यायचाच आहे. माहा फक्त मदतीले लागला. अन् पुढच्या महिन्यात तुमच्या नातसुनेच्या लेकराची गोधडी मी शिवीन, पन पह्यला टाका मी घालीन का कोनी बी घालीन, त्याच्यावर नियम लावायचा नाई. लावसान तं मी शिवत नाई."

कमलकाकूनं तोंडावर हात ठेवला. काशीआत्या काठी घेऊन उठली, दोन पावलं गेली, अन् वळून म्हनली, "हिरवं लुगडं आहे माह्यापाशी, ते चालन का?"

"चालन," मी म्हनलं.

सहावी ओळ संपाले दुपार झाली. जो टाका मी ब्लेडनं तोडला होता त्याचे दोन्ही टोकं होते तिथंच, मी गाठ मारून आत सारले. तिथं नवा नाई घातला. तिथं जागा रिकामी आहे, एका पेराएवढी, ती तुमची माफी मागाले ठेवली असं म्हना, नाई तं मले दोरा पुरला नाई असं म्हना, दोन्ही खरं आहे.

मंग गोधडी आत आनली, चिमीले तिच्यावर ठेवली. ती पोटाकडे पाय घेते, झाडते, घेते, झाडते. टाचा मधातल्या ओळीवर घासत होत्या. मी तिच्या बोटायकडे पाहत बसली, एक एक बोट मोजत. काही अडकलं नाई. चिमी झाल्यापासून मी एक दिवस बी तिच्याकडे तोंड केल्याशिवाय पडली नव्हती, डोळे मिटले तरी एक हात तिच्या पोटावर, श्वास चालू आहे का पाहाले. त्या दुपारी लय झोप आली होती. ती पाय झाडतच होती, अन् मी तिच्याकडे पाठ करून झोपली.